घर जाव्हारिसला, एका अटीवर

मी, श्रीमती अर्नेस्टाईन टॉलिव्हर, वय चौऱ्याहत्तर, राहणार पश्चिम शिकागो, कुणाच्याही दडपणाविना हे मृत्युपत्र लिहून ठेवते. माझं डोकं ठिकाणावर आहे. फुप्फुसं गेली, पण सहीला ती लागत नाहीत.

१. स्वयंपाकघरातलं टेबल डॉ. लिंडक्विस्ट यांना द्यावे. माझा थोरला, रोझेल, वस्तीतली भांडणं बंदुकीपर्यंत जाण्याआधी मिटवण्याच्या कार्यक्रमात कामाला होता. त्या कार्यक्रमाने गोळीबार खरोखर कमी होतो का, हे तपासायला या बाई विद्यापीठातून आल्या. हमरस्त्याच्या अलीकडे कार्यक्रम, पलीकडची वस्ती कार्यक्रमाविना, नुसती तुलनेसाठी. गोळीबार दोन्हीकडे सारखाच कमी झाला, म्हणून अहवालात आलं, 'परिणाम दिसत नाही.' पैसे बंद. पलीकडची भांडणं मिटवायलाही रोझेलच जात होता, हे बाईंना फार उशिरा कळलं. कळणार तरी कसं? कुणाचं भांडण मिटवलं ते बाहेर बोलायचं नाही, नाहीतर पुन्हा कुणी दार उघडत नाही. बाई याच टेबलाशी बसून रडल्या. आता माझा त्यांच्यावर राग नाही. आधी होता, भरपूर.

२. चर्चला घालायच्या माझ्या सगळ्या टोप्या भाची ओलिव्हाला. बहीण कॉर्डेलियाला एकही नाही. "रोझेल गुंडांच्या नादी लागून मेला," असं ती चारचौघांत म्हणाली. तिने उघड्या डोक्याने प्रार्थनेला जावं.

३. पगार थांबला तरी रोझेल जातच राहिला. पलीकडच्या वस्तीतल्या व्हर्लीनच्या थोरल्या मुलाने त्याला गोळी घातली. तो तुरुंगात आहे, त्याचा धाकटा भाऊ घरी. आणि माझा धाकटा, जाव्हारिस, रोज त्या घरासमोर गाडी लावून बसतो.

"काय करतोस रे तिथे?"

"काही नाही. आई, तू मध्ये पडू नकोस."

"मध्ये पडता पडता तुझा भाऊ गेला, आणि मी गप्प बसू होय?"

म्हणून राहतं घर जाव्हारिसला, पण व्हर्लीनच्या धाकट्याच्या केसालाही त्याच्याकडून धक्का लागला नाही तरच. लागला, तर घर व्हर्लीनच्या नावे करावे. वकील म्हणाला, "बाई, असं कुणी लिहितं का?" म्हटलं, "तू लिही."

४. माझ्या दफनानंतरच्या जेवणाला व्हर्लीनला बोलवावे. रोझेलच्या वेळी ती मागच्या बाकावर बसून रडली आणि उपाशी परत गेली. तिचंही पोर गेलंच आहे.

५. माझा फोटो छापलेले टी-शर्ट कुणी घालू नयेत. ते आपल्याकडे गोळीने गेलेल्या पोरांसाठी असतात. रोझेलचा अजून माझ्या उशीखाली आहे. मी अंथरुणात, म्हातारी होऊन, नर्सवर खेकसत मरते आहे. जाव्हारिस, बाळा, तूही असाच मर.

व्यवस्थापक: पास्टर एलिजा क्रम्प

साक्षीदार: थिओडोरा बँक्स, नर्स; लूथर मेबरी, शेजारी

सही: अर्नेस्टाईन टॉलिव्हर
शिकागो, ९ मार्च २०२३