ट्रकचं तेल

मिस्त्रीकाका, तुम्ही जाऊन चाळीस वर्षं होत आली आणि मी अजून तुम्हाला भिते. माणूस गेल्यावर त्याची भीती निघून जाते असं म्हणतात. माझी गेली नाही. मीच आता सत्तरी ओलांडली आहे, डोळ्यांना कमी दिसतं, म्हणून हे लिहून टाकते.

दर्यापूरला माझा दवाखाना तेव्हा नवा होता. खेड्यातून बोलावणं आलं की बैलगाडीशिवाय गत नसे, म्हणून अकोल्याच्या एका जिनिंगवाल्याची जुनी पेट्रोल मोटार मी घेतली. लढाईच्या आधीची गाडी. ती वर्षानुवर्षं तुमच्याच हाताखाली होती, त्यामुळे गाडीबरोबर तुम्हीही मला मिळालात. बाईमाणसाला मोटार शिकवायला दुसरं कोणी तयार नव्हतं. तुम्ही पहिल्या दिवशी मला स्टिअरिंगसमोर बसवलंच नाही. बॉनेट उघडून तासभर उभं केलंत, मग काचेमागचा एक लहानसा काटा दाखवलात, तेलाचा दाब सांगणारा. म्हणालात, "बाई, तुमी आधी नाडी पाह्यता ना? हे इची नाडी. काटा पडला का इंजिन बंद करा. तेवाच्या तेवा. मंग समोर वाघ असो का नवरदेव." मी हसले. तुम्ही हसला नाहीत.

त्या वर्षी उन्हाळ्याच्या तोंडी गाडी तेल पिऊ लागली. मागून निळा धूर निघे, इंजिन खडखडे. तुम्ही सांगितलेलं साधं तेल दर्यापुरात मिळेना. सरकीची पोती वाहणाऱ्या एका ट्रकवाल्याच्या बायकोचं बाळंतपण मी केलं होतं. त्याने आपणहून एक डबा आणून दिला, डिझेल इंजिनात घालतात ते भारी तेल. "आमचे ट्रक याच्यावर कुठच्या कुठं जाऊन येतात, तुमची डबी काय चीज हाय?" मी जुनं तेल काढून टाकलं आणि ते ओतलं. आणि काका, गाडी खरंच सुधारली. धूर कमी झाला, आवाज मऊ झाला. एखादा हट्टी ताप आपल्या औषधाने उतरावा तसा मला अभिमान वाटला.

पंधरा दिवसांनी मी औषधं न्यायला अकोल्याला आले आणि गाडी तुमच्या गॅरेजात लावली तेव्हा तुम्ही सवयीने तेल मोजायची पट्टी ओढून पाहिलीत. तेल डांबरासारखं काळं. दोन बोटांत चोळलंत, वास घेतलात.

"हे कोणतं तेल हाये?"

"ट्रकचं."

"मले इचारलं काहून नाही?"

तुमचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला, आणि शेजारी पत्रा ठोकणाऱ्याने हात थांबवला. मी म्हटलं, तेल वाईट आहे का? तुम्ही म्हणालात, "तेल चांगलं हाये, बाई. म्हणूनच भेव वाटते. हे तेल धुते. नव्या इंजिनाले ते बरं. इच्या पोटात वीस वर्साचा गाळ बसून हाये, चुपचाप. याच्यानं तो सुटून राह्यला. सुटलेला गाळ जाईन कुठं? खाली चेंबरमंदी तेल ओढाची जाळी हाये, तिच्यावर जाऊन बसन. जाळी बंद, तेल बंद, इंजिन जाम." त्याच दिवशी तुम्हाला चेंबर, म्हणजे इंजिनाखालचं तेलाचं पात्र, खोलायचं होतं, पण दोन गाड्या आधीच उघड्या पडल्या होत्या. तुम्ही तुमच्याकडचा साध्या तेलाचा डबा माझ्या पायाशी ठेवलात. "घरी गेल्या गेल्या ते काढा, हे टाका. अन् ऐतवारी गाडी घिऊन या."

मी तेल काढलं नाही. दवाखान्यात गर्दी होती हे खरं, पण कारण ते नव्हतं. गाडी इतकी गोड चालत होती की मला वाटलं, जुना माणूस आहे, भितो. तुमचा डबा टेबलाखाली तसाच राहिला.

ऐतवाराच्या आधीच, शुक्रवारी दुपारी, एका पहिलटकरणीला बैलांच्या दमणीतून माझ्याकडे आणलं. आदल्या दिवसापासून कळा येत होत्या. मूल आडवं होतं. दर्यापुरात शस्त्रक्रियेची सोय नव्हती. अमरावतीशिवाय इलाज नव्हता, तीस मैल. मागच्या सीटवर तिला निजवलं, सासू तिचं डोकं मांडीवर घेऊन बसली, आणि मी गाडी काढली. बाहेर ऊन असं की काळी जमीन भेगाळून पडलेली, कापूस वेचलेल्या पऱ्हाटीच्या नुसत्या काड्या उभ्या, आणि रस्त्यावर चिटपाखरू नाही.

खल्लार मागे पडलं आणि काटा हलला. आधी थरथरला, मग हळूहळू खाली उतरू लागला. मागे ती पोरगी दात आवळून कण्हते आहे. मी काट्याकडे बघते, रस्त्याकडे बघते, परत काट्याकडे. तो तळाला टेकतो आणि मी इंजिन बंद करते. गाडी घरंगळत एका बाभळीपाशी थांबते.

"बाई, थांबली काहून गाडी?" सासू विचारते.

"तापली आहे. पाच मिनिटं."

"पाच मिन्टं हायेत का हो हिच्यापाशी?"

मी मनगटावरचं घड्याळ पाहत बसले. गाळ जाळीवरून सुटून खाली बसत असावा, कारण पुन्हा सुरू केल्यावर काटा वर आला. दोन मैल चालली, पुन्हा पडला. पुन्हा थांबले. असं किती वेळा झालं ते मी मोजलं नाही. प्रत्येक वेळी किल्ली फिरवताना वाटे, आता ही उठणार नाही. एकदा मागे वळून तिची नाडी पाहिली, ती धाग्यासारखी लागत होती. बाळाचे ठोके ऐकायला मात्र मी नळी कानाला लावली नाही. मला ऐकायचं नव्हतं. वलगावच्या पुढे इंजिनातून ठोकल्यासारखा आवाज येऊ लागला आणि मी थांबले नाही. काटा तळाला होता तरी थांबले नाही. अमरावतीच्या दवाखान्याच्या फाटकात शिरल्यावर गाडीने एक हिसका दिला आणि ती तिथेच गप्प झाली.

पोरगी वाचली. मूल गेलं. शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांना मी व्हरांड्यात गाठून विचारलं, तासभर आधी आणलं असतं तर? ते हात पुसत म्हणाले, सांगता येत नाही. सासूने मला दोष दिला नाही. ती म्हणाली, "तुमी लय केलं, बाई."

तिसऱ्या दिवशी माझा निरोप मिळून तुम्ही मोटारस्टँडवरून हत्यारांची पिशवी खांद्यावर टाकून चालत आलात. गाडीखाली शिरून चेंबर उतरवलंत. जाळी बाहेर काढली तेव्हा ती जाळी आहे हे कळत नव्हतं, नुसता काळा लगदा. मूल गेल्याचं तुम्हाला कोणीतरी सांगितलेलं होतं. तुम्ही माझ्याकडे न बघता विचारलंत, "बाई, ते तेल काढलं होतं ना?"

"हो," मी म्हटलं. "त्याच दिवशी."

तुम्ही जाळीवरचं तेल दोन बोटांत चोळलंत. मग बोटं चिंधीला पुसलीत. "मंग चूक माही हाये. नुसतं तेल काढून भागत नोतं. म्या त्याच दिवशी चेंबर खोलाले पाह्यजे होतं. म्या गाडी जाऊ देली."

तेल तेच आहे हे तुम्हाला कळलं होतं का, काका? ज्या बोटांना अकोल्यात क्षणात कळलं, त्यांना अमरावतीत कळलं नसेल? हे मी कधीच विचारू शकले नाही. कळलं असेल तर तुम्ही माझं पाप अंगावर घेतलंत, आणि नसेल तर मी ते तुमच्या अंगावर टाकलं. कोणतं मला जास्त भिववतं ते सांगता येत नाही. एवढं खरं की त्यानंतर कोणतीही जुनी गाडी चेंबर खोलल्याशिवाय तुम्ही गॅरेजबाहेर सोडेनासे झालात. लोक चिडले, म्हातारा वहमी झाला म्हणाले, आणि दुसऱ्या गॅरेजात जाऊ लागले. मी ते ऐकत होते.

तुम्ही आजारी पडलात तेव्हा अकोल्यात एवढे डॉक्टर असताना मला दर्यापूरहून बोलावलंत. मी खाटेशी बसून तुमचं मनगट हातात धरलं. तुम्ही म्हणालात, "तुमच्या हातानं भेव जाते, बाई." सांगायचं ठरवून आले होते. तुमच्या बायकोने चहा आणला, मी घेतला, औषध लिहून दिलं, आणि संध्याकाळच्या गाडीने परतले. आठ दिवसांनी तुम्ही गेलात.

तेल मी काढलं नव्हतं. हे वाक्य लिहायला मला तीन दिवस लागले.

तुमचा मुलगा अजून त्याच घरी राहतो. बापाच्या हातून एक मूल गेलं असं त्याने घरात ऐकलेलं असणार. हे त्याला पाठवलं पाहिजे, मला कळतं. दोनदा टपाल कचेरीपर्यंत गेले. दोन्ही वेळा पाकिटाऐवजी पोस्टकार्ड घेऊन आले, ज्यावर एवढं मावत नाही.