घरच्यांनी कुठं झोपायचं

धुरपताबाईस लिस्बनहून भीमाचा सप्रेम जयभीम.

मी ठीक आहे. आपल्या आनंदराजच्या हॉटेलात पर्यटकांची रीघ आहे, त्याच्या नोकरीची काळजी नको.

फक्त घरमालकाला आमची खोली आता पर्यटकांना रोजाच्या भाड्यानं द्यायची आहे. दुसरी शोधत इथले चढ चढून पाय गळालेत. मी म्हणालो, "आपल्याकडं पाव्हणे आले की घरचे ओसरीत झोपतात. इथं घरच सोडायचं?" पोरगं थकून हसलं, "बाबा, त्या पाव्हण्यांवरच आपलं पोट हाय."

मिळेल खोली. तुझे गुडघे कसे आहेत?

मुदखेडला आपली मागची खोली कुणी भाड्यानं मागितली तर देऊ नको. झाडून ठेव. सांग, पाव्हणे यायचे आहेत.

जिवाला जप.
भीमा