आक्का, तुझी शपथ मोडतेय

प्रिय आक्का,

तुला जाऊन अठरा वर्षं झाली आणि आज मी तुला पहिलं पत्र लिहितेय. तू होतीस तेव्हा मला अक्षर येत नव्हतं. लग्नानंतर नवऱ्याने, आमच्या मास्तरांनी शिकवलं, म्हणून हे असं पुस्तकातल्यासारखं उतरतंय. हसू नकोस. काल माझी लेक गंगू जे बोलली ते दुसऱ्या कुणाला सांगवत नाही.

कोरीटचं तुझ्या सासरचं अंगण आठवतं? थंडीत मिरचीने लाल झालेलं असायचं. बायका दिवसभर देठं खुडायच्या, मग राखेने आणि ताकाने हात धुवायच्या. तुझी सासू प्रत्येकीचा तळवा हुंगायची आणि मगच तिचं पोर तिच्याकडे द्यायची. एकदा सासू घरात नसताना तू घाईत नुसत्या पाण्याने हात धुतलेस आणि तान्ह्या भगवानचा डोळा पुसलास. पोर किंचाळलं, रडून लालबुंद झालं, आणि घटकाभरात दूध पिऊन झोपलंसुद्धा. सगळे विसरले. तूच का नाही विसरलीस गं?

त्या दिवसापासून तू हात धूतच राहिलीस. सासू शेजारणींना सांगायची, सून असावी तर अशी. मीही घरी येऊन मायला तुझं कौतुक सांगितलं! मिरचीच्या घरात हात धुणाऱ्या बाईला आजारी कोण म्हणणार?

मला कळलं ते आषाढात. मी तुझ्याकडे राहायला आले होते. घरात ओल्या मिरचीचं देठसुद्धा नव्हतं, आणि तू रांजणापाशी बसून हातांना राख चोळत होतीस. सात वेळा. मोजणी चुकली की पुन्हा पहिल्यापासून. बोटांची पेरं उकलली होती. मी तुझा हात धरला तेव्हा तू बोललीस.

"मन्हं मन म्हनस, तू पोऱ्याना डोया फोडशी. कितलं बी धुवा, तरी म्हनस."

पोराचा डोळा फोडशील असं मन म्हणतं, हे दाजींना सांग, मायला सांग, असं मी म्हणाले. तू माझा हात उचलून स्वतःच्या डोक्यावर ठेवलास.

"कोनले सांगू नको. लोके माले डाकीन म्हनतीन, पोऱ्या लई लेतीन. मन्ही शपथ शे तुले."

मी चौदा वर्षांची होते. डाकीण ठरलेल्या बाईचं काय होतं, तिचं पोर कसं काढून घेतात, ते आपण दोघींनी पाहिलं होतं. तुझी भीती खुळी नव्हती, आक्का. तेवढं मी आजही मान्य करते.

पुढे हात चिघळले तेव्हा दाजींनी गाडी जुंपून तुला नंदुरबारच्या दवाखान्यात नेलं. भगवानला घेऊन मी बरोबर होते. डॉक्टरांनी दाजींना बाहेर पाठवलं आणि हळूच विचारलं, बाई, इतके हात का धुतेस, मनात काही येतं का? तू म्हणालीस, मिरचीचं काम असतं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी जमिनीकडे बघितलं. त्यांनी मलम दिलं, आणि परतताना गाडीतच तू ते पुसून टाकलंस, पोराच्या डोळ्यात जाईल म्हणून.

यावरून मला तुझा राग येतो, सांगून टाकते. विचारणारा एक माणूस भेटला होता! त्यांच्याकडे औषध नसेलही. पण तू एकदा बोलायचं होतंस. आणि माझा राग तर त्याहून जास्त येतो.

दिवाळीआधी त्या जखमांतूनच धनुर्वात झाला. दातखीळ बसली. तिसऱ्या दिवशी तू गेलीस.

डोक्यावर हात ठेवून घेतलेली शपथ मोडली की ते माणूस मरतं, असं माय सांगायची. तू मरू नयेस म्हणून मी गप्प बसले. शपथ पाळली, आणि तू गेलीस.

भगवानचे डोळे चांगले आहेत गं. इकडे आला की मला सुईत दोरा तोच ओवून देतो.

आता गंगूचं सांगते. तेरा वर्षांची आहे. जेवता जेवता उठते आणि चूल विझली का बघून येते. पाणी ओतलेल्या निखाऱ्यांवर पुन्हा पाणी ओतते. मी तिला वेंधळी म्हणून चिडवायची. काल दुपारी ती रडायला लागली. मी बघितलं नाही तर घर पेटेल आणि धाकटा भाऊ आत जळेल, असं मनात येतं, म्हणाली. मग तिने माझा हात धरून स्वतःच्या डोक्याकडे नेला. कोणाला सांगू नको.

मी हात हिसकावून घेतला, आक्का. तेव्हापासून ती माझ्याशी बोलत नाही. माझी सासू म्हणते, लग्नाची पोर आहे, घरातलं घरात ठेव, नाहीतर कुणी दारात उभं राहणार नाही. मास्तरांनासुद्धा ते थोडं पटलंय.

पण मी ठरवलंय. सोमवारी तिला त्याच दवाखान्यात नेणार. डॉक्टर आता नवे आहेत, त्यांना काय ठाऊक असेल देव जाणे. आधी मी तुझ्या हातांचं सांगेन, सगळं, तू मला सांगितलंस तसं. मग ते गंगूला विचारतील. ती काही नाही म्हणाली आणि त्यांनी माझ्याकडे पाहिलं, तर या वेळी मी जमिनीकडे बघणार नाही.

तुझीच धाकटी,
सखू