घरच्या गाडीला दोन बाटल्या

१२ फेब्रुवारी

ठकूबाई,

आशीर्वाद मागाहून, आधी तुझा कान धरते. घरी पोचलीस तेव्हा 'पोचले' एवढा एक शब्द कळवायला तुझं काय जात होतं? इथून निघालीस ती गेलीसच. दोन्ही पिल्लांना मागे बसवून एकटी गाडी हाकत डोंगर चढून गेलीस, आणि मी इथे घड्याळाकडे बघत बसले. तुझे हे परगावी नोकरीला, म्हणजे काळजी करायला मीच उरले ना!

फोन का नाही करत, पत्रं कसली खरडतेस, असं म्हणशील. अगं, आमच्या घरात फोन एकच आणि तो दुकानात. तुझं नाव दिसलं की हे माझ्यासमोर येऊन बसतात आणि हातवारे करतात, 'विचार तिला, बाटली ओतते का? ओतते का?' अशानं मनातलं काही बोलता येतं का?

तुझ्या भावोजींचं तर तू बघूनच गेलीस. जन्मभर रंगाच्या दुकानात लोकांच्या भिंतींचे रंग जुळवले आणि आता मागच्या खोलीत पेट्रोलचं टॉनिक जुळवतात. टाकीत एक 'घोडदौड' ओता, गाडी तरुण झालीच म्हणून समजा. लेबलावर घोडा काढायला सांगितला होता, छापखानेवाल्यानं गाढव काढलंय. मी हसले तर दोन दिवस अबोला. पण गिऱ्हाईक वाढतंय हो. जो तो सांगतो, चढावर गाडी काय उचलते! आता तो खरंच उचलते म्हणून सांगतो की पैसे मोजलेत म्हणून, ते मला विचारू नकोस.

बाटल्या मी भरते. ती नारिंगी पूड पातळ द्रावकात विरघळवायची, गाळायची, बूच घट्ट बसवायचं. बोटं कायमची नारिंगी झालीत. वास मात्र घरभर बसलाय. मधलं दार बंद करून घेतलंय आणि शेगडी पलीकडच्या भिंतीला हलवलीय, तरी कणीक मळताना नाकात तोच वास येतो.

बाकी ठीक. औषधांच्या दुकानातल्या कंपाउंडरच्या गाडीचं काहीतरी झालंय, त्यामुळे हे जरा गप्प गप्प असतात. होईल नीट.

तुझी गाडी कशी चालते? भावोजींनी निघताना तुझ्या टाकीत एक सोडून दोन बाटल्या ओतल्या आणि वर खोकं भरून दिलं. बाहेरच्यांना एक, घरच्यांना दोन, असा त्यांचा हिशेब. माया उतू जाते त्यांची. गाडी कशी चालते ते खरंखरं लिही. मला बरं वाटावं म्हणून लिहू नकोस.

ताई

२ मार्च

ठकू,

तुझं पत्र मिळालं. पिल्लांची चित्रं भिंतीला लावली. धाकट्यानं मला काढलंय की ढगाला, ते विचारून घे.

आता नीट वाच. तू लिहितेस, चढावर गाडी आचके देते, मग पुन्हा एक बाटली ओतली की 'जरा बरी वाटते', आणि दोन दिवसांनी तेच. गाडीतून उतरलं की सडक्या अंड्यासारखा वास येतो म्हणतेस. आणि हे सगळं तू मला मध्येच, भोपळ्याच्या वेलाची बातमी सांगितल्यासारखं सांगतेस!

बाटली ओतायची नाही. एक थेंबसुद्धा नाही. टाकीत साधं पेट्रोल भर, आणि तेही गाडी मेकॅनिककडे नेईपर्यंत जेवढं लागेल तेवढंच. त्याला म्हणावं स्पार्क प्लग काढून दाखव. विटकरी रंगाचा थर असला तर नवे बसवून घे, आणि खालचा धूर साफ करणारा डबाही बघायला सांग. गाडी तुझ्या शाळेमागच्या मैदानात उभी करतेस ना? तिथे वाळलेलं गवत असेल. ते बंद कर. डांबरावर, नाही तर मातीवर. का ते विचारू नकोस, असं लिहिणार होते, पण तू हट्टी आहेस, कारण कळल्याशिवाय ऐकायची नाहीस.

चौकातला मेकॅनिक तुला माहीत आहे, जाडा, सतत गुणगुणणारा. त्याच्याच गॅरेजात आपल्या बाटल्या ओळीनं लावलेल्या. मी उरलेल्या मोजायला गेले तर गुणगुणणं थांबलं. म्हणाला, "वहिनी, आता आणू नका. मीही विकल्या, मीही तोंड वर करून बोलणारा नाही. पण हे बघा." आणि त्यानं माझ्या हातावर चार प्लग ठेवले. लालसर नारिंगी, माझ्या बोटांच्याच रंगाचे.

त्यानं सांगितलं ते तसंच लिहिते. काही गाड्यांची इंजिनं अशी असतात की त्यांना वरच्या दर्जाचं पेट्रोल लागतं, नाही तर ती आतून ठकठक वाजतात. त्यांना ऑक्टेन, म्हणजे पेट्रोलचा ती ठकठक रोखण्याचा गुण, वाढवून थोडा फायदा होतो, तोही कंपनीनं सांगितलेलं पेट्रोल घातलं तरी होतोच. तुझ्यामाझ्यासारख्यांच्या साध्या गाडीला ते लागतच नाही. जास्तीचं ऑक्टेन घातलं म्हणून ती जास्त पळत नाही. मग लोकांना फरक कसा वाटतो, विचारलं मी. तो म्हणाला, "वहिनी, बाटली ओतली की माणूस गाडी जपून चालवतो."

आणि आपल्या बाटलीतल्या पुडीत लोह आहे. ते जळून जात नाही, प्लगवर बसतं. ठिणगी नीट पडत नाही. न जळलेलं पेट्रोल पुढे धूर साफ करणाऱ्या त्या डब्यात जाऊन तिथे जळतं आणि डबा लालबुंद होतो, खालचं वाळलेलं गवत पेटवील इतका. गाडी आचके देते ती त्यामुळे. आणि आचके दिले की आपण काय करतो? आणखी एक बाटली ओततो.

मी आधीच्या पत्रात लिहिलं की कंपाउंडरच्या गाडीचं काहीतरी झालंय. ती जळाली, ठकू. त्याच्या टाकीतही आपलीच बाटली होती. खेळाच्या मैदानाकडेला गवतात उभी केली होती. सगळे म्हणतात वायरिंग. हेही म्हणतात वायरिंग.

खोकं स्वयंपाकघरातून हलव. बाहेर, सावलीत, पोरांचा हात पोचणार नाही असं ठेव. आणि माझं पत्र मिळाल्याचं फोनवर बोलू नकोस. नुसतं 'वेलाला भोपळा धरला' म्हण, मी समजेन.

ताई

९ मार्च

ठकू,

तुझा फोन आला. भोपळा धरला म्हणालीस, मी सुटकेचा निःश्वास टाकला. पण त्याआधी फोन ह्यांनी उचलला होता, आणि तू बोलून गेलीस की गाडी अजून मेकॅनिककडे न्यायची राहिलीय, परीक्षा चालू आहेत, आचके तर वाढलेच आहेत. तुझी चूक नाही, भावोजींनी मायेनं विचारलं, तू सांगितलंस. फोन ठेवला आणि ह्यांनी कपाटातून सदरा काढला. म्हणाले, "पोरगी डोंगरात एकटी आहे. मी स्वतः जाऊन तिची गाडी बघतो. डोस कमी पडतोय."

तेव्हा मी बोलले. सगळं बोलले. प्लग, डबा, लोह, मेकॅनिकचं नाव घेऊन. ते शांतपणे ऐकत होते. मग म्हणाले, "तुलासुद्धा फितवलं त्यानं." एवढंच. ओरडले असते तर मी ओरडले असते. रागावून ताट बाजूला सारलं असतं तरी चाललं असतं. पण जेवले, आमटी छान झालीय म्हणाले, आणि मागच्या खोलीत जाऊन बाटल्या भरायला लागले. एकटेच. मी त्यांच्या गाडीची किल्ली पिठाच्या डब्यात लपवली होती. सकाळी ती टेबलावर होती, पीठ झटकून पुसलेली. मला त्यांची अशी भीती कधी वाटली नव्हती.

ते लबाड असते तर बरं झालं असतं, ठकू. लबाड माणूस स्वतःच्या गाडीत ओतत नाही. ह्यांनी स्वतःच्या गाडीत सगळ्यांत जास्त ओतलंय, दर वेळी टाकी भरली की तीन. काल संध्याकाळी ते गाडी घेऊन परत आले. मी अंगणात कपडे काढत होते. गाडीखाली लालसर उजेड दिसला. मागचा दिवा असेल म्हणून वाकून बघितलं. दिवा नव्हता. निखारा असावा तसा तो डबा तापला होता, आणि वरच्या पत्र्याला लावलेलं रबर वितळून ओघळत होतं. मी त्यांना हाताला धरून दाखवलं. त्यांनी वाकून बघितलं, खूप वेळ बघितलं. मग म्हणाले, "इंजिनात जोर आलाय."

आणि आता त्याच गाडीत, मागे, तुझ्यासाठी बाटल्यांची सहा खोकी चढवताहेत. मला इथून दिसताहेत. पाठ दुखते तरी कुणाचा हात लावू देत नाहीत.

एक गोष्ट तुला लिहिली नव्हती. लिहवत नव्हती. कंपाउंडरची गाडी जळाली तेव्हा रिकामी नव्हती. त्याची आई मागे बसली होती, पाय दुखतात म्हणून उतरली नव्हती, मुलगा नातवाला आणायला मैदानात गेलेला. लोकांनी ओढून काढलं तिला. ती वाचली, पण अजून इस्पितळातच आहे, आणि पाय दुखतात असं ती आता म्हणत नाही. मी भेटायला गेले होते. तिनं माझा हात हातात घेतला, बोटांकडे बघितलं, आणि म्हणाली, "हळद दळलीस का गं?" मी हो म्हणाले.

घरी येऊन मी हे ह्यांना सांगितलं. त्या दिवशीपासून ते आपल्या टाकीत दोनच्या तीन बाटल्या ओततात. मला वाटतं, त्यांना कळलंय. कळलंय म्हणूनच जास्त ओततात. आपली गाडी धडधाकट पळाली, तुझी पळाली, तर त्या म्हातारीच्या गाडीचं वायरिंगच बिघडलं होतं असं ठरेल ना! मला ह्याहून वेगळा अर्थ लागत नाही.

हे पत्र तुला तुझे भावोजीच आणून देतील. पोस्टानं पोचायला उशीर होईल. आपला फोन ते सोबत नेतील, म्हणून ते निघाले की शेजारणीच्या फोनवरून तुला फोन लावतच बसणार आहे, पण तुमच्या डोंगरात कधी लागतो, कधी नाही. पत्र हातात पडलं की दारातच वाच. त्यांना तुझ्या गाडीजवळ जाऊ देऊ नकोस. किल्ली दे शेजाऱ्यांकडे, चाकांतली हवा काढ, काय वाटेल ते कर. पोरांना आत घे. आणि त्यांच्या गाडीतून, ते कितीही म्हणाले तरी, कुठेही जायचं नाही, कोपऱ्यापर्यंतसुद्धा नाही. त्यांना पाणी दे, बसव, आणि परत त्या गाडीत बसू देऊ नकोस. मला त्यांचा राग आलाय, खूप आलाय, पण मला ते घरी हवे आहेत.

तुझी ताई

पाकिटाला खळ मी बेताचीच लावली आहे. अहो, तुम्हाला माझा संशय आलाय, म्हणजे तुम्ही चहाला थांबाल तिथे हे उघडाल, हे मला माहीत आहे. ठकूला लिहिलेलं सगळं तुम्ही वाचलंत, वाचाच. ते खरं आहे. माझ्या तोंडून ऐकणं सोसलं नाही तुम्हाला, निदान माझ्या अक्षरात तरी वाचा.

आता कुठे उभे आहात? खाली बघा. गवत असेल तर गाडीत बसू नका, चालू करून पुढे नेऊ नका, सामान काढायला मागे जाऊ नका. सोडून द्या सगळं. रस्त्याच्या पलीकडे जा, आणखी लांब जा, आणि तिथून शेजारणीच्या नंबरावर फोन करा. मी तिच्याच दारात बसले आहे.

तुमची