पोच न आलेली मुलगी

१८ सप्टेंबर, शाळेच्या ऑफिसातून

प्रिय ताई,

नमस्कार. दाजींना नमस्कार सांग, तुझ्या सासूबाईंना, आजींना, पाया पडतो म्हणून सांग. त्यांनी मला ओळखलं नाही तरी सांग. इकडे आम्ही सगळे ठीक. तुझ्या भावजयीचं शिवणकाम जोरात आहे, घरभर चिंध्या, काल माझ्या डब्यातसुद्धा दोरा निघाला. धाकटा सायकलवरून पडला. कुठे मोडलं वगैरे नाही, पण प्लास्टर नाही म्हणून तोच हिरमुसलाय.

फोन करायचा सोडून हे पत्राचं काय खूळ, असं तू म्हणशील. फोनवर तू निसटतेस, ताई. मी जरा काही विचारलं की तुझं दूध उतू जातं. इतकं दूध तुझ्या घरात येतं तरी कुठून, हा मला पडलेला प्रश्न आहे. शिवाय फोनवर मीही घसरतो, तुझा आवाज जरा जड झाला की लगेच विषय बदलतो. म्हणून लिहायला बसलोय. बसलोय म्हणजे, तेवढ्यात दोनदा उठून आलो.

सध्या ऑफिसात वर पाठवायच्या अहवालाची धांदल आहे. वर्षभरात जी मुलं पटावरून गेली, ती का गेली हे लिहायचं असतं. मुख्य रकाने दोनच. एक बदली, एक गळती. मूल आमच्याकडून दाखला घेऊन गेलं आणि पलीकडच्या शाळेकडून ‘आलं’ अशी पोच आली, की बदली. पोच नाही आली, मूल कुठेच बसलेलं नाही, की गळती. ऐकायला सोपं वाटतं. पण पोच पाठवायचा कंटाळा सगळ्याच शाळांना. मग आम्ही काय करतो? शेजारपाजारी विचारतो. कोणी म्हणतं, काकांकडे गेलं. कोणी म्हणतं, मावशीकडे. झालं, लिहा बदली. गळती लिहिली की वरून दहा प्रश्न येतात, घरी माणूस जातो, मोठ्या बाईंना, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिकांना, जाब द्यावा लागतो. बदली लिहिली की सगळे सुखी. कोणी त्या मुलाचं नाव पुन्हा काढत नाही.

गेल्या वर्षी अशीच तीन भावंडं मी बदलीत घातली होती. त्यातली थोरली मला बसथांब्यावर रुमाल विकताना दिसली. मी नजर चुकवणार, तेवढ्यात तीच हसून म्हणाली, “सर, आमची शाळा कुठली झाली आता?” मी दोन रुमाल घेतले आणि गर्दीत घुसलो. ते रुमाल अजून वापरवत नाहीत मला.

घंटा झाली. जाऊन आलो. घंटेशी माझा काही संबंध नाही, ती शिपाई देतो, पण गेलो.

तर, किटलीचं.

तुम्ही तिकडे राहायला गेलात तेव्हा तिचा दाखला मीच लिहिला. माझी भाची म्हणून नव्हे, पण वागणुकीपुढे ‘उत्तम’ लिहिताना मी जरा थांबलो होतो, हे तिला सांगू नकोस. तिचं झाकण किती पटकन खडखडायला लागतं ते आपल्याला ठाऊक आहे, उगाच का तिला किटली म्हणतो. दाखला घेताना म्हणाली, “मामा, नवीन शाळेत तुझ्यासारखं कोणी असेल का, डबा विसरला तर अर्धा देणारं?” मी म्हटलं, असेल की.

तिची पोच आली नाही. मी म्हटलं, असेल तिकडचा कारकून आमच्यासारखाच. शेवटी परवा त्या शाळेत फोन लावला. माणूस फार लाघवी निघाला. म्हणाला, “या नावाची मुलगी आमच्याकडे नाही बुवा. पण तुम्ही सांगता त्याच गल्लीत आमचा शिपाई राहतो, त्याला विचारून सांगतो.” दुपारी त्याचा फोन आला. आवाजात नुसता उत्साह. “अहो, कोडं सुटलं! ती मुलगी इथं शिकतच नाही. ती तिच्या मामाकडे शिकायला आहे. मामा म्हणे शाळेतच नोकरीला असतो. तुम्ही त्या मामालाच गाठा ना.”

मी म्हटलं, “बरं. गाठतो.”

ताई, फोन ठेवला आणि मी हसलो. खरंच हसलो, समोरचे शिक्षक बघायला लागले. मग मला तुझा असा राग आला, असा राग आला की पाणी प्यायला उठलो तर पेलाच सापडेना, तो हातातच होता. इथल्या लोकांच्या मते ती तुझ्याकडे शिकते. तिथल्या लोकांच्या मते ती माझ्याकडे शिकते. दोन्हीकडचे निश्चिंत. आणि पोरगी कुठे आहे? दाराशी बसून आजींना बाहेर जाऊ देत नाहीये.

मला कसं कळलं विचारू नकोस. मागच्या आठवड्यात भर दुपारी फोन तिनेच उचलला होता. मागून ती ओरडली, “आजी, तिकडे नको, इकडे ये.” मी विचारलं, शाळा नाही का? म्हणाली, सुट्टी आहे. कसली सुट्टी, हे शाळेत काम करणाऱ्या माणसाने विचारायला नको का? पण मी नाही विचारलं. तेवढ्यापुरतं मलाही ते बरंच वाटलं.

तुझी अडचण मला कळत नाही असं नाही. दाजी ट्रक घेऊन गेले की आठवडा आठवडा नसतात. हॉस्पिटलच्या स्वयंपाकघरातली नोकरी तुला किती खटपटीने मिळाली. आजी एकट्या राहिल्या की चालायला लागतात, मागे बसथांब्यावर सापडल्या. कोणीतरी घरी हवंच. तू तिला ‘एवढंच वर्ष’ म्हणून समजावलं असशील. ती झाकण आपटून शेवटी गप्प बसली असेल.

‘एवढंच वर्ष’ हे मी या टेबलापाशी किती तोंडांतून ऐकलंय. म्हणणारं कोणीच खोटं बोलत नसतं. पण पोर परत येत नाही.

आज सकाळी अहवाल घेऊन मोठ्या बाईंकडे गेलो. त्यांनी किटलीचं नाव पाहिलं आणि चष्मा काढला.

“दाखला दिलाय ना? मग बदली. तुमच्याच घरची मुलगी, उगाच कशाला?”

मी म्हटलं, “बाई, कुठल्या शाळेत गेली तेही लिहावं लागतं. काय लिहू? माझ्या घरचा पत्ता?”

त्यांनी चष्मा पुन्हा चढवला. मग म्हणाल्या, “लिहा मग काय खरं असेल ते,” आणि सही केली.

मी गळती लिहिलं, ताई. दुपारी तो अहवाल गेलाही. आता तुझ्या दारात घरभेटीची बाई येईल. चांगल्या असतात त्या, ओरडत नाहीत, पण बसतात आणि विचारतात. तिला ‘मामाकडे आहे’ असं सांगू नकोस. तिच्या हातातल्या कागदावर मामाचंच अक्षर असेल.

तुला आधी सांगायला हवं होतं. नाही सांगितलं, कारण तू रडली असतीस आणि मी बदली लिहिलं असतं.

आणि आता जे लिहायचं टाळत इतकी पानं भरली, ते लिहितो. आई गेली तेव्हा तूही ‘एवढंच वर्ष’ घरी राहिली होतीस. माझ्यासाठी. मला आंघोळ घालून, भांग पाडून तू शाळेच्या फाटकापर्यंत सोडायचीस आणि तिथूनच मागे फिरायचीस. तुझ्या वर्गाची खिडकी रस्त्यावरून दिसायची. तू एकदाही तिकडे बघितलं नाहीस. मी बघायचो. तू दुसऱ्या शाळेत गेलीस असंच तेव्हा कोणीतरी लिहिलं असणार, कारण तुला विचारायला आपल्या घरी कधीच कोणी आलं नाही. कोणीतरी यायला हवं होतं गं. फार हवं होतं.

रविवारी मी येतोय. तुझी भावजय म्हणते, दोघींना घेऊन या, आजींनासुद्धा. ती दिवसभर मशीनपाशी असते, दार बरोबर तिच्या समोर आहे, आणि आजींच्या हातात बटणं दिली की त्या रमतील असं तिला वाटतं. स्वतःची आई मेहुण्याच्या घरी, म्हणून दाजी चिडतील. चिडू देत. माझ्याशी भांडायला सांग, तुझ्याशी नको. किटलीचं नाव मी पटावर पुन्हा चढवून घेतो, बाईंशी बोललोय. तिचा वर्ग वरच्या मजल्यावर आहे, खिडकी रस्त्यावरून दिसते.

तू नाही म्हणालीस तरी येणार आहे. दारात उभं करून बोल, शिव्या घाल, पण तिचे कपडे भरून ठेव. अख्ख्या गल्लीला तू जे सांगितलंस, ते आता खरं होऊ दे.

तुझा धाकटा भाऊ,
ज्याच्याकडे किटली शिकायला असते, तो मामा