तुला थंडी वाजायचीच नाही

प्रिय ताई,

सारखी थंडी वाजते म्हणून परवा डॉक्टरांनी मला थायरॉइडची गोळी सुरू केली, आणि पहिला राग आला तो तुझा! तू जाऊन वर्षही झालं नाही, आणि मी तुझ्याशी भांडायला बसलेय.

काय करू? तुझी ऋचा फोनवर तिच्या एम.एस्सी.चं ज्ञान पाजळत होती. "मावशी, मम्मीची ना, सगळी ब्राऊन फॅटची कमाल होती!" मानेपाशी, खांद्यांजवळ असते म्हणे ही तपकिरी चरबी. स्वतः जळून अंगाला ऊब देते. गारठा जाणवला की मेंदू तिला हुकूम सोडतो, थायरॉइडचं संप्रेरक तिची आच वाढवतं. वर तिला स्वतःचं घड्याळही! सकाळी जाग येण्याच्या सुमारास ती जास्त पेटते म्हणे.

म्हणजे लहानपणी बरखेड्याच्या क्वार्टरमध्ये जानेवारीतल्या पहाटे तू गार पाण्याने अंघोळ करायचीस, तो तुझा गुण नव्हताच! चरबी होती! आणि मी रजईत मुटकुळं करून पडलेली. "ताईकडे बघ, नाहीतर तू, आळशी!" आईचं हे वाक्य ऐकतच मी मोठी झाले. किती जळायचे तुझ्यावर, सांगू?

काल आईपुढे हे सगळं मांडलं. म्हटलं, आता तरी मला आळशी म्हणू नकोस. तर ती म्हणाली, "तू कुडकुडायचीस म्हणून तुला कुशीत घ्यायचे. तिला म्हणायचे, लांब सरक, तुझं अंग तापतं. सरकायची गं बिचारी."

का सरकायचीस, ताई? हट्ट करायचास की! मी असते तर घर डोक्यावर घेतलं असतं.

आता आई माझा हात धरते आणि नाव तुझं घेते. त्याचाही मला हेवा वाटतो, खोटं कशाला बोलू?

पण एक शब्द देते. तुझी ऋचाही पांघरूण लाथाडते, भर थंडीत पंखा लावते, म्हणून आम्ही तिला पलीकडच्या खोलीत निजवतो. रविवारी ती अवधपुरीला आमच्याकडे राहायला येतेय. या वेळी तिला मी कुशीत घेऊन निजणार. "छोड़ो ना मावशी, उकडतंय" म्हणाली तरी सोडणार नाही.

तुझी धाकटी,
नीलू