शंभरातून सात

अमरावती
१४ ऑक्टोबर १९६४

ती. सौ. मामीस,
शालूचा नमस्कार. मी खुशाल आहे. वसतिगृहातलं जेवण बरं आहे, थंडी अजून पडली नाही.

हे पत्र एकटीनं वाच. पोस्टमनकडून किंवा शेजारच्या दुर्गाबाईंकडून वाचून घेऊ नकोस. मामांनी आपल्या दोघींना एकाच पाटीवर शिकवलं, मी आठ वर्षांची आणि तू नवी नवरी. अक्षर मुद्दाम मोठं काढलं आहे.

तू लिहिलंस, "दारू सोडून महिना झाला, तरी हे असे काहून करून राहिले? परवा आपल्याच दारात उभं राहून मले म्हणाले, बाई, जानरावचं घर कोणतं?" मामांनी स्वतःचंच नाव घेऊन घर विचारलं, हे वाचून मी दोन दिवस कॉलेजात गेले नाही. उत्तर मला माहीत होतं.

माझा अभ्यास कशाचा, ते मी तुला नीट सांगितलंच नाही. 'म्हाताऱ्यांना कोडी घालते' म्हणत आले. मी इस्पितळात गरमीच्या (डॉक्टर तिला उपदंश म्हणतात) आणि दारूच्या रोग्यांची स्मरणशक्ती तपासते. दारूनं काय बिघडतं आणि रोगानं काय, ते वेगळं काढायचं. पावसाळ्यात मामा हात थरथरतो म्हणून इथे आले, तेव्हा त्यांचं रक्त तपासलं. मामी, त्यांना गरमी आहे. फार जुनी. ती डोक्यात चढली असावी अशी डॉक्टरांना शंका होती.

व्हरांड्यात मामा म्हणाले, "तुह्या मामीले दारूचंच सांगजो. दारूची लाज सोसते माणूस." मी मान डोलावली.

चाचणी माझ्याकडेच आली. नात्यातल्या माणसाची चाचणी आपण घ्यायची नसते. पण हे माझे मामा, असं माझ्या प्रबंधाच्या सरांना सांगायला माझी जीभ उचलली नाही. शंभरातून सात-सात वजा करत जायचं होतं. मामा त्र्याण्णववर थांबले. ज्यांनी मला पावकी-दिडकी शिकवली, ते ओठ चावत बसले. आजोबांनी विचारलेल्या पाढ्यात आपण अडलो की त्यांच्या नकळत मामा बोटांची पेरं दाबून आकडा दाखवायचे, डाव्या हातावर दशक, उजव्यावर एकक. सर खिडकीशी पाठमोरे होते. मी पेरं दाबली. मामा म्हणाले, "शहाऐंशी." मग एकोणऐंशी, मग बहात्तर. सगळं बरोबर.

जाताना हळूच म्हणाले, "नकल करायले मीच शिकवलं ना तुले. फिटलं आपलं."

माझा कागद पाहून डॉक्टरांनी ठरवलं, डोकं शाबूत आहे. पुढच्या तपासणीला आणि उपचाराला नागपूरला पाठवायचं रद्द झालं आणि मामा घरी आले. त्यांची लाज राखली, असं मी स्वतःला सांगत होते. मी माझी राखली.

काल सरांना आणि डॉक्टरांना सगळं सांगून टाकलं. सर म्हणाले, "तुमच्या प्रबंधाचं नंतर बघू," आणि माझ्याकडे बघितलं नाही. डॉक्टर म्हणाले, ताबडतोब आणा. सुया सुरू केल्या तर आणखी बिघडणं थांबेल, गेलेलं परत येईलच असं नाही.

आणखी एक आहे, ते टाळत इथवर लिहीत आले. तुझंही रक्त तपासायला हवं. तुझी दोन लेकरं दिवस भरण्याआधी गेली आणि घरादारानं तुलाच बोल लावला. मी डॉक्टरांना विचारलं. या रोगानं तसं होतं, म्हणाले. तुझं तसंच झालं असं ते छातीठोक सांगत नाहीत, म्हणून मीही सांगत नाही. पण तसं होऊ शकतं हे मी केव्हाच पुस्तकात वाचलं होतं. मामांचं रक्त तपासलं त्याच दिवशी मला ते आठवलं, आणि तरी मी तुला दिवाळीला काय आणू एवढंच विचारणारं पत्र टाकलं.

शनिवारी अकोल्यापर्यंत गाडीनं आणि तिथून दुपारच्या मोटारीनं येते, तुम्हा दोघांना न्यायला. त्यांच्याशी बोलायचं की नाही, पुढे एका घरात राहायचं की नाही, ते तू ठरव. तुझ्या बाजूनं कोणी नसलं तर मी आहे, पण माझ्यावर भरवसा का ठेवावास, हे मला सांगता येत नाही.

पत्राच्या शेवटी आशीर्वाद मागतात. तो मी आल्यावर, तुला द्यावासा वाटला तर.

शालू